घराखालचं पाणी

ताराबाईच्या लेकीनं परमुलखात घर बघितलं, ही बातमी ताराबाईच्या आधी कडा गावच्या बाजाराला कळली. लेकीचा, ऋतुजाचा, फोन आला तेव्हा घरातला फोन ताराबाईच्या नवऱ्याच्या, आप्पारावांच्या खिशात होता आणि आप्पाराव बाजारात कोकरं बघत उभे होते. "घर? इकत?" असं ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की आजूबाजूच्या माणसांनी माना वळवल्या. त्यातल्या आसारामनं तर लगेच त्यांच्या नावावर चहा सांगितला. उन्हं कलल्यावर आप्पाराव वस्तीकडं निघाले ते अर्ध्या वाटेपासूनच हाका मारत.

"ए तारा! आगं तुझी पोरगी घरवाली व्हायलीय! आयर्लंडात घर घ्यायलीय!"

ताराबाई टँकरच्या पिपातलं पाणी तांब्यानं कोकरांच्या परातीत ओतत होती. तिचा हात तसाच थांबला.

"भाड्याचं आसंल."

"इकत म्हंतोय मी. दगडी घर हाय. जुनं."

"कावून?" ताराबाई म्हणाली.

आनंदाच्या भरात हे विचारायचं आप्पारावांना सुचलंच नव्हतं.

कोकरांनी परात रिकामी करून ताराबाईच्या लुगड्याचा काठ चघळायला घेतला तरी ती तशीच उभी होती. भाड्याच्या खोलीत राहणारं माणूस गाठोडं बांधून कधीही परत येऊ शकतं, हे तिला ठाऊक होतं. तिची निम्मी जिंदगानी अशीच गेली होती. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं, मेंढरं पुढं घालायची आणि घाट उतरून कोकणात जायचं. रात्री कुणाच्या तरी शेतात वाघरीची जाळी लावून मेंढरं बसवायची, सकाळी जाळी उपटली की मागं राहायच्या त्या फक्त लेंड्या आणि तीन दगडांची काळी पडलेली चूल. ऋतुजा जन्मली तीही अशाच एका शेताच्या बांधावर, घोंगडीच्या आडोशाला. त्या शेताचं नाव, मालकाचं नाव आज कुणालाच आठवत नव्हतं. पुढं पोरगी आश्रमशाळेत राहिली, नर्सिंग शिकली, बीडला नोकरी केली, मग समुद्रापलीकडं गेली. लग्नाचा विषय काढायचा नाही, असं मायलेकींमध्ये एकदा कडाक्याचं भांडण होऊन ठरलं होतं, ते ताराबाईनं पाळलं होतं. पण पोरगी जाळी उपटून कधी तरी माघारी येणार, हे तिनं मनात धरून ठेवलं होतं. दगडाचं घर काही उपटता येत नाही.

संध्याकाळी ऋतुजाचा परत फोन आला.

"आई, आप्पांनी गावभर केलं ना? घेतलं न्हाई मी अजून. हितं घर घ्यायच्या आधी ते तपासून घेत्यात."

"म्हंजी?"

"आप्पा मेंढी घेताना दात बघत्यात, खुरं बघत्यात, पाठीवरनं हात फिरवत्यात, तसंच. एक माणूस येतो. छप्पर, भिती, पाया, समदं बघतो आन कुठं खोट हाय ते सांगतो."

"आन खोट निघाली तर?"

"लई मोठी निघाली तर न्हाई घ्यायचं. म्हातारं घर हाय आई, शंभर वर्साच्या वरचं. निघंल की काय तरी."

ताराबाई खाटेवर नीट मांडी घालून बसली. "कवा यायचाय त्यो मानूस?" तिनं इतक्या उत्सुकतेनं विचारलं की ऋतुजाला वाटलं, आई खूश झाली.

"तू बी बग ना. मी फोन चालू ठेवते. घर बघाया आपलं कुणी तरी नको का संगं?"

त्या दिवसापासून ताराबाई सकाळी बिरोबापुढं भंडारा वाहताना एकच मागणं मागू लागली. देवा, त्या माणसाची नजर तेज ठेव. त्याला सगळं दिसू दे.

*

चैत तापला होता. वस्तीवर फोनमध्ये नुसता आवाज यायचा. चित्र बघायचं तर टॉवरच्या माळावर चढावं लागायचं. ठरल्या दिवशी ताराबाई मेंढरं घेऊन माळावर गेली आणि लिंबाच्या सावलीला बसली. माळावरून पाझर तलाव दिसत होता, तळ उघडा पडून चिरा गेलेला. त्याच्या पलीकडं ऊन असं हलत होतं की कारखान्याचं धुराडंसुद्धा पाण्यात उभं असल्यासारखं वाटत होतं. मेंढरांनी एकमेकींच्या पोटाखाली मुंडकी घातली होती आणि सगळा कळप एकच मोठं जनावर असल्यासारखा हळूहळू धापत होता.

फोन वाजला. आत राखाडी आभाळ होतं आणि सगळं ओलं होतं. गवत ओलं, दगड ओले, ऋतुजाच्या टोपीवर थेंब. त्यातून गारवा येतो की काय असं वाटून ताराबाईनं फोन गालाला लावला.

"आई, मला तुझा कान दिसतोय निस्ता. लांब धर."

तिनं फोन लांब धरला. ऋतुजाच्या मागं एक उंच, पाठीत वाकलेला म्हातारा उभा होता. हातात शिडी, अंगात पावसाचा कोट. "ह्ये ब्रेंडन. घर तपासणारे," ऋतुजा म्हणाली. म्हाताऱ्यानं फोनकडं बघून टोपी काढली. ताराबाई रामराम म्हणाली, तर त्यानं तोच शब्द जिभेवर घोळवून परत दिला. माणूस बरा दिसतोय, असं तिला वाटलं. आणि बारकाईनं बघणारा वाटतोय, हेही.

त्यानं आधी घराला बाहेरून चक्कर मारली. छपरावर काळ्या दगडाच्या चिपा होत्या. "आपली शाळेतली पाटी असती ना आई, तिच्याच दगडाचं छप्पर हाय," ऋतुजा सांगत होती. ब्रेंडन शिडीवर चढला, चिपांवरून हात फिरवून खाली आला, काही तरी बोलला.

"काय म्हंतो?"

"चारदोन पाट्या फुटल्यात म्हणे. बाकी छप्पर अजून लई वर्सं जाईल."

"हां," ताराबाई म्हणाली.

मग हिरवं दार उघडून ते आत गेले. ब्रेंडननं खिशातून दोन सुया असलेलं एक यंत्र काढलं आणि भिंतीला टोचलं. यंत्र पीं पीं करायला लागलं. ताराबाई ताठ बसली.

"काय म्हंतंय गं ते?"

"ओल हाय म्हंतंय."

"लई हाय का?"

"थोडी. पावसाचा मुलूख हाय, एवढी असतीच म्हंत्यात."

ताराबाईची पाठ परत झाडाला टेकली. ब्रेंडन तुळयांवर हातोडीच्या दांड्यानं टकटक करत होता आणि प्रत्येक आवाज मान तिरकी करून ऐकत होता. लाकडात किड्यांची भोकं निघाली. पण ती जुनी होती, किडा कधीच निघून गेला होता. चुलाण्याच्या धुराड्यात कावळ्यांनी घरटं केलं होतं. ते काढता येण्यासारखं होतं. म्हातारा एकेक खोट शोधायचा आणि लगेच तिचा इलाज सांगायचा. ताराबाईला त्याचा राग यायला लागला.

तेवढ्यात ऋतुजा सैपाकघरात शिरली.

भिंत एवढी जाड होती की खिडकीच्या कट्ट्यावर एक माणूस पाय दुमडून बसू शकेल. खिडकीबाहेर हिरवी टेकडी होती, आणि टेकडीवर पांढरे ठिपके.

"थांब थांब. ती काय हायत गं?"

"मेंढरं."

"कुणाची?"

"शेजाऱ्याची. त्यांच्या पाठीवर निळा रंग बग, वळख म्हणून लावत्यात."

ताराबाईनं फोन डोळ्यांजवळ नेला. मेंढरं गलेलठ्ठ होती, पाय मात्र काळे. पाऊस त्यांच्या अंगावर पडत होता आणि त्यांना त्याचं काहीच नव्हतं. "राखणीला कोण हाय?"

"कुणी न्हाई आई. दगडाचे गडगे घातल्यात. दिसभर आपली आपण चरत्यात."

"आन लांडगं?"

"न्हाईत हितं. कवाच संपले."

ताराबाईच्या हातून लांडग्यानं नेलेली कोकरं तिला अजून एकेक करून आठवत, कुठल्या माळावर, कुठल्या ओढ्याला. ज्या मुलखात लांडगा नाही त्या मुलखातलं मेंढरू झोपेत कान तरी हलवत असेल का? जाळी नाही, कुत्रं नाही, कुणी रात्रभर उठबस करायची नाही. एक बाई खिडकीत बसून नुसती बघत असेल. चहाची कपबशी शेजारी. ताराबाईला त्या बाईचे पाय दिसले, भेगा पडलेले, दुमडून घेतलेले.

"आई? आयकतीस ना?"

ब्रेंडन सैपाकघराच्या मधोमध थबकला होता. जमीन दगडी फरशांची होती. त्यानं बुटाची टाच एका फरशीवर आपटली, मग पलीकडच्या फरशीवर, मग पुन्हा पहिल्या फरशीवर. दोन्ही आवाज वेगळे होते. तो गुडघ्यावर बसला आणि त्यानं फरशीला कान लावला.

"हितं खाली पोकळ हाय म्हंत्यात," ऋतुजाचा आवाज बदलला होता. "फरशी उचलून बघावी लागंल. मालकिणीची परवानगी काढून पुढच्या आठवड्यात परत येतो म्हणाले."

*

तो आठवडा ताराबाईनं कुठं काढला, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं.

दुपारी मेंढरं सावलीला उभी राहिली की ती लिंबाला टेकायची. डोळे पुरते मिटायचे नाहीत. पापण्यांच्या फटीतून ऊन दिसत राहायचं आणि त्याच फटीतून हिरवं दार. दार ढकललं की ते थोडं अडायचं, मग उघडायचं. आत अंधार, गार. ती चप्पल बाहेर काढायची. डावीकडं वर जाणारा जिना, उजवीकडं चुलाणं. त्याच्या शेजारी भिंतीत तिला एक देवळी दिसायची, ओंजळीएवढी, आणि देवळीत एक पणती. ती पणती कुणी लावली ते तिला माहीत नसायचं. मग एक पायरी उतरून सैपाकघर, आणि सैपाकघरात ती खिडकी.

पहिल्या दिवशी ती नुसतीच खिडकीत बसली. दुसऱ्या दिवशी तिनं भाकरीचं पीठ मळलं, तर टेकडीवरची एक निळ्या पाठीची मेंढी खिडकीशी येऊन उभी राहिली आणि काचेतून तिच्याकडं बघत राहिली. काचेवर तिच्या श्वासाचा ढग धरायचा आणि विरायचा. ताराबाईनं तिला नाव ठेवलं, चांदी. मग कधी तरी असं व्हायला लागलं की आतली मेंढरं कुठली आणि बाहेरची कुठली हे तिला पटकन सांगता येईना. एका दुपारी तिच्या स्वतःच्या कळपावर बारीक पाऊस पडत होता आणि ती त्यांना सांगत होती, उभ्या राहा गं, भिजा, हितं कुणी न्हाई यायचं.

"ताराकाकू! आवं ताराकाकू, झोपला का काय?"

शेजारच्या वस्तीवरचा अभिमन्यू बांधावरून ओरडत होता. त्याच्या हातात काठी होती. ताराबाईची निम्मी मेंढरं खाली उतरून त्याच्या लसूणघासाच्या वावरात शिरली होती आणि गपागप खात होती.

"न्हाई रं बाबा, सैपाकघरात..." एवढं तिच्या तोंडून निघून गेलं. पुढचं तिनं गिळलं आणि धावत सुटली.

"कुठलं सैपाकघर? उन्हानं डोस्कं फिरलंय तुमचं," अभिमन्यू म्हणाला. पण तिला दमून धापा टाकताना बघून त्यानंच मेंढरं हाकून दिली आणि तिला घरून पाणी आणून पाजलं.

रात्री जेवताना आप्पाराव तिच्याकडं बघत होते. "कुठं असती गं तू आजकाल?"

"हितंच की."

"हितं न्हाईस. दोनदा हाक मारली तरी वळून बघितलं न्हाईस."

ताराबाईनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. सकाळी बिरोबापुढं ती उभी राहायची, भंडारा वाहायची आणि परत फिरायची. आपण काय मागत होतो, हे तिला आठवतच नव्हतं.

*

दुसऱ्या खेपेला ब्रेंडन पहार घेऊन आला. माळावर त्या दिवशी वाराही नव्हता. ऋतुजानं फोन खिडकीत उभा करून ठेवला होता, त्यामुळं ताराबाईला वाटलं, आपणच खिडकीत बसून बघतोय. पाठीमागं पावसाचा आवाज, समोर म्हाताऱ्याची वाकलेली पाठ.

त्यानं फरशीच्या सांध्यात पहार घातली, खाली लाकूड लावलं आणि हळूहळू दाब दिला. फरशी कुरकुरली. एक कड वर आली, मग सगळी फरशी उभी राहिली. ऋतुजा पुढं वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

"काय हाय गं?"

"पाणी."

"काय?"

"पाणी हाय आई. वाहतं पाणी हाय खाली."

ब्रेंडन बराच वेळ विजेरी घेऊन भोकात बघत राहिला. मग मागच्या दारानं बाहेर गेला, भिंतीला ओळंबा लावला, परत आत आला आणि खुर्चीवर बसून बोलायला लागला. तो दमानं बोलत होता, ऋतुजा मान हलवत होती. तिनं आईला सांगितलं ते असं. टेकडीवरून एक झरा येतो. पूर्वीच्या माणसांनी बहुतेक जाणूनबुजूनच त्याच्यावर घर बांधलं, सैपाकघरातच पाणी मिळावं म्हणून. पण झऱ्यानं हळूहळू आपली वाट सरकवली. आता तो मागच्या भिंतीच्या पायाखालून जातो आणि तिथली माती नेतो. भिंत एका बाजूनं खचलेली आहे. आज पडणार नाही. पण पाणी थांबणारं नाही, आणि असंच सोडलं तर एक दिवस भिंत बसेल.

"ह्या घराची एकच खोट हाय म्हंत्यात, पण ती पायात हाय." ऋतुजा फरशीवर बसली होती, उघड्या भोकाच्या काठाला. तिनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "जाऊ दे आई. सोडून देते. नव्हतं नशिबात."

ताराबाईनं मागितलं होतं ते मिळालं होतं. म्हाताऱ्याची नजर तेज निघाली होती. ती आनंद व्हायची वाट बघत बसली, पण तो येईना. आलं ते एक विचित्र दुखणं, कुणी आपलंच बिऱ्हाड घोड्यावर चढवायला लागल्यासारखं.

"मला पाणी दाव," ती म्हणाली.

"आं?"

"पाणी दाव मला. फोन खाली धर."

ऋतुजानं फोन भोकाजवळ नेला. आधी नुसता अंधार दिसला. मग ब्रेंडननं विजेरी धरली आणि अंधार हलायला लागला. काळंशार, नितळ पाणी खडकावरून घसरत होतं, कुणाचं काही देणंघेणं नसल्यासारखं, एका अंधारातून निघून दुसऱ्या अंधारात. त्याचा आवाज फोनमधून माळावर आला. कळपातल्या एकदोन मेंढ्यांनी मुंडकी वर काढली.

"हात घाल बरं त्यात."

ऋतुजानं हात घातला आणि श्वास आत ओढला. "लई गार हाय आई. बर्फावाणी."

"तोंडाला लाव."

तिनं ओला तळवा तोंडावरून फिरवला. ताराबाईनं समोर बघितलं. तलावाच्या चिरांमध्ये बगळासुद्धा नव्हता. खालच्या वाटेनं टँकर येत होता आणि त्याच्या मागं धुळीचा लांब पट्टा उभा राहात होता. ह्या माळाच्या आजूबाजूला किती जणांनी किती भोकं पाडली होती जमिनीला, नारळ फिरवून, नवस बोलून. आणि रात्रभर खडखडाट होऊन सकाळी वर आली होती फक्त पांढरी भुकटी.

"आगं, हितं पाणी लागावं म्हणून लोक धरणीचं काळीज उकरत्यात," ती म्हणाली, "आन तुज्या घराखालून आपसूक चाललंय."

तुज्या घराखालून. शब्द बाहेर पडल्यावर तिचा तिलाच तो ऐकू आला.

"त्या बाबाला इचार," ताराबाई म्हणाली, "त्यो सोता राहील का ह्या घरात?"

ऋतुजानं विचारलं. ब्रेंडन उठला, भोकाच्या कडेनं फिरला, खिडकीशी आला आणि फोनमध्ये ताराबाईकडं बघून बोलला. ऋतुजा त्याच्यामागोमाग सांगत गेली.

"राहीन म्हंत्यात. पर आधी पाण्याला वाट करून देईन. फरशीखालनं नीट दगडी चर काढून बाहेर अंगणात नेईन, मग भितीला खालनं आधार देईन. अन ते हुईस्तवर हितं एक रात बी झोपणार न्हाई. पाणी बंद करीन म्हणणारा कुणी आला तर त्याला दारातनं घालवून द्या म्हंत्यात. ते बंद हुत न्हाई."

"मग तसं कर."

"आई, सोपं न्हाई ते. मालकिणीनं मानलं पायजे. समदा उन्हाळा जाईल त्यात."

"जाऊ दे की उन्हाळा. कुठं पळून चाललीयस तू?"

ऋतुजा हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिनं ओल्या हातानंच ते पुसले. "तुला घर नको व्हतं ना आई? ते यंत्र वाजलं तवा तू किती खूश झालतीस. मला दिसत व्हता तुजा चेहरा."

ताराबाईला हे सुचलंच नव्हतं की फोनमधून तीही तिकडं दिसते. तिनं पदर तोंडाला लावला, मग काढला.

"नको व्हतं," ती म्हणाली.

"आन आता?"

"आता मला त्या खिडकीत बसायची सवय लागलीय."

*

घराची मालकीण शहरात राहणारी एक बाई होती, वडिलांच्या माघारी घर बंद ठेवून कंटाळलेली. ब्रेंडननं सगळं लिहून दिलं तेव्हा ती पहिल्यांदा रागावली, मग स्वतः येऊन फरशीखाली डोकावून गेली. लहानपणी ह्या जमिनीवर झोपताना आपल्याला गाणं ऐकू यायचं, आणि बाप म्हणायचा तुला भास होतो, असं ती ऋतुजाला म्हणाली. दुरुस्ती करूनच घर द्यायचं तिनं कबूल केलं.

त्यांच्याकडचा उन्हाळा म्हणजे इकडचा पाऊसकाळा. आष्टीकडं आभाळ येऊन परत जात होतं, बाजरी कशीबशी उगवली होती, आणि तिकडं माणसं फरशा उचलून चर काढत होती. ऋतुजा सुट्टीच्या दिवशी जाऊन बघायची आणि फोन करायची. चर मागच्या अंगणात निघाली. तिथं दगडाची एक डोण बसवली. तिच्यात पाणी पडून पुढं टेकडीखालच्या ओढ्याला जाऊ लागलं. भिंतीच्या पायात नवा दगड बसला. शेवटी ब्रेंडन पुन्हा एकदा आला, टाच आपटत सगळ्या सैपाकघरातून फिरला, आणि ह्या वेळी एकही खोट न काढता त्यानं ऋतुजाच्या हातात हात दिला.

किल्ली मिळाली ती दसऱ्यानंतर. नेमकं त्याच आठवड्यात आप्पारावांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. मोतीबिंदू पिकला होता. नगरहून परत आल्यावर ते वस्तीवरच्या खोलीत खाटेवर पडून असायचे, एका डोळ्यावर पट्टी आणि दुसराही मिटलेला, कारण उघडा ठेवला की पट्टीखालचा चुरचुरतो, असं त्यांचं म्हणणं. दुपारच्याला फोन आला.

"आप्पा, घरात उभी हाय मी. आपल्या घरात."

आप्पाराव उठून बसायला लागले, ताराबाईनं त्यांना परत झोपवलं. "पडा गप. डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"मला बी दाव की घर," ते म्हणाले. "बाजारात समद्यांना सांगितलं म्या, आन मीच बघितलं न्हाई."

"हितं कुठं चित्र येतंय? आन आलं तरी तुमी काय बघणार?"

"मग तू सांग. तू बघितलंयस नव्हं?"

ताराबाईनं फोन त्यांच्या उशाशी ठेवला आणि खाटेच्या कडेला टेकली. "ऋतुजा, तू बाहीर जा. दारापासनं चालू."

फोनमधून पावलं ऐकू आली, दार, मग वारा.

"हां. आता बगा," ताराबाई नवऱ्याला म्हणाली. "हिरवं दार हाय. ढकला. जरा आडतं ते, जोर लावा."

दार अडल्याचा आवाज आला, मग उघडल्याचा. आप्पारावांचा हात घोंगडीवर थोडा पुढं सरकला.

"आत गारवा हाय. चपला बाहीर काढा. उजव्या हाताला चुलाणं, मानूस उभा राहील एवढं. आन त्याच्या बाजूला भितीत देवळी हाय, वंजळीएवढी. तितं पणती ठिवायची."

पावलं थांबली. हात भिंतीवरून फिरल्याचा आवाज आला, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"हाय का देवळी?" आप्पारावांनी विचारलं.

"हाय आप्पा," ऋतुजा म्हणाली. "जरा कोरून घ्यावी लागंल."

"आता एक पायरी उतरायची हाय, जपून," ताराबाईचा आवाज खाली आला होता. "ह्ये सैपाकघर. दगडी फरशी. आन ही खिडकी. बसा. पाय वर घ्या, मावत्यात. समोर टेकडी हाय, लई हिरवी. तिच्यावर मेंढरं. निळी पाठ. कुणी राखायला न्हाई. तुमी बी उठू नका."

आप्पारावांचा श्वास लांब झाला होता. ऋतुजानं मागचं दार उघडलं असावं, कारण फोनमधून डोणीत पडणाऱ्या पाण्याची संथ धार ऐकू यायला लागली. ताराबाई ती ऐकत बसली. बाहेर मेंढरं धापत होती, आणि तीही त्या पाण्याजवळच कुठं तरी उभी असावीत.

"आई," ऋतुजा हळूच म्हणाली, "आप्पा झोपले?"

"झोपले."

"मग वर जाऊ या? वर एक खोली हाय."

जिन्याच्या वरचं ताराबाईनं कधी बघितलं नव्हतं. तिच्या दुपारच्या घरात जिना होता, पण तो नुसताच वर जायचा. ती नवऱ्याशेजारी खाटेच्या कडेला आडवी झाली, फोन दोघांच्या मधे ठेवला आणि डोळे मिटले.

"तितलं मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "आता तू सांग. मी येते मागनं."

लाकडी पायरी करकरली, मग दुसरी.